नऊची सभा

"ए बाबा, काय रंगवतोयस?" मी विचारलं.

म्हसोबाच्या पायरीवर एक पँटवाला माणूस उकिडवा बसून लाल रंगानं फुली मारत होता. आमच्या पिंपरखडीच्या तळ्याला दगडी पायऱ्या आहेत. त्यात मधोमध एक रुंद पायरी, तिच्या कडेला शेंदूर लावलेला म्हसोबा. आम्ही बायका तिथंच धुणं धुतो.

"जॅकवेल होणार इथं," तो मान वर न करता म्हणाला. "मोठी विहीर. तिच्यातनं पाइप थेट तालुक्याच्या गावाला."

"कुणी सांगितलं?"

"वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. आणि ह्या साली तर तोही आला नाही."

आता त्यानं वर बघितलं. पदर खोचलेली, कोपरापर्यंत साबण लागलेली बाई. "बाई, तुम्ही तुमचं धुणं धुवा. साहेब सरपंचांशी बोलतील."

माझ्या शेजारी अंगणवाडीची जैनबी मुलाणी शाळेच्या सतरंज्या आपटत होती. ती अशी हसली की तिच्या हातातली सतरंजी पाण्यात सुटली. "ह्याच की सरपंच!" ती म्हणाली. "बोल आता काय बोलायचंय ते."

मी त्याच्या अंगावर धावून गेले, ब्रश फेकला, असं पुढं तालुक्यात सांगत होते. साफ खोटं. मी फक्त रंगाचा डबा उचलला. "हा माझ्याकडं राहू दे," म्हटलं. "गावाचा ठराव झाला की घेऊन जा." बिचारा ब्रश तसाच हातात धरून मोटारसायकलवर बसला. त्याची पँट लाल झाली असणार.

मी सरपंच कशी झाले ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जागा बाईसाठी राखीव निघाली. गावातल्या पुढाऱ्यांना गप्प बसणारी बाई पाहिजे होती. आमचे मालक, मारुती लेंडवे, गावात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक बैलाशी. त्यांची बायकोही तशीच असणार, असा पुढाऱ्यांनी हिशेब केला. नवऱ्याच्या वाटणीचंही मीच बोलते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आणि तळं कुणाचं, तेही सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सासूबाईंनी आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी दगड फोडून ते बांधलं. पण कागदावर तळं जिल्हा परिषदेचं, पाणी पाटबंधारे खात्याचं, मासे मत्स्य खात्याचे. गाळ तेवढा आमचा. काढायचा झाला तर तोही परवानगी घेऊन.

तिसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी आले. साळगावकर साहेब. पंचायत समितीचे मोठे साहेब, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम गोड. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी मला समोरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"हे बघा ताई, शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. योजना मंत्रालयातून मंजूर आहे. निधी आलाय. फक्त ग्रामसभेचा ठराव तेवढा राहिलाय. नुसती औपचारिकता."

"आणि उन्हाळ्यात आम्ही काय प्यायचं? तळं आत्ताच निम्म्यावर आलंय. तुमचा पंप चालू झाला तर शिमग्यालाच खडखडाट. सगळ्या विहिरी ह्याच पाण्यावर आहेत."

"टँकर देऊ की!"

"म्हणजे आमचं पाणी पाइपातनं जाणार आणि टँकरनं परत येणार?"

साहेब हसले. मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "तळ्यात तुमच्या गावच्या उसाच्या मोटारी आहेत ना? परवाना कुणाला आहे, हे मी कधी विचारलंय? नाही विचारत. तुम्हीही फार विचारू नका. बुधवारी सभा लावा. नऊची तहकूब होईल, अकराला मी येतो. नेहमीची मंडळी असतील, ठराव होईल, चहा घेऊ."

ही तहकुबीची भानगड आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. ग्रामसभेला शंभर माणूस लागतं. ते कधीच येत नाही. पहिली सभा नऊची, तिला कुत्रं फिरकत नाही. मग 'गणसंख्येअभावी तहकूब' असं लिहायचं. दोन तासांनी तीच सभा पुन्हा भरवायची, आणि ह्या दुसऱ्या सभेला माणसांची अट नाही. सात-आठ जण बसतात, मान डोलावतात, गावानं ठरवलं असं होतं. वर्षानुवर्षं आमचं गाव असंच ठरवत आलंय. पहिल्या सभेला कुणी जात नाही, कारण ती तहकूब होते. आणि ती तहकूब होते, कारण कुणी जात नाही. आम्ही सगळे मिळून केलेला हा गाढवपणा. साहेबांना नुसता दोष देऊन काय उपयोग?

साहेब गेल्यावर मी ग्रामसेवकाकडं बघितलं. कुंभार भाऊसाहेब. पगार जिल्हा परिषदेचा आणि शिव्या गावाच्या, अशी त्यांची नोकरी. "भाऊसाहेब, तुम्ही बुधवारी किती वाजता येणार?"

"अकराला, अक्का. नऊची तहकूब मी घरूनच लिहून आणतो. तुम्हाला काय नवीन हाय का?"

"आणि नऊला गाव आलं तर?"

ते चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. "मी नसलो तर अंगणवाडीच्या बाईंनी लिहिलं तरी चालतं," ते काचेकडं बघत म्हणाले. "पण मी काय बोललो न्हाई. मला पोरगी लग्नाची हाय."

शनिवारी माझी मंदा आली. थोरली लेक, तालुक्याच्या गावीच दिलेली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाली.

"आई, रंगाचा डबा उचलून आणलास म्हणं? सगळ्या गल्लीत झालंय. सासूबाई तर हंडा समोर आपटत्यात. म्हणत्यात, तुझ्या आईच्या दारात तळं भरलंय आणि आमी रांगेत उभं ऱ्हायचं."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? काल अर्ध्या रांगेत पाणी गेलं. रिकामा हंडा घेऊन परत आले. तू माझी आई हायस का त्या तळ्याची?"

लागलं मला ते. चांगलंच लागलं. मी तिला चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या नगरपालिकेचा एक तरी माणूस इथं आला का गं? पाणी द्या म्हणाला का? रंग लावायला माणूस पाठवला. आपल्या घरात येऊन कुणी आपल्या भिंतीवर फुली मारली तर तुझी सासू गप बसंल?"

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"मागायच्या आधी कसं सांगू?"

"मला भरलेला हंडा पाहिजे, आई. बाकीचं तुमचं तुमी बघा." आणि ती डोळे पुसून उठली. जाताना दोन कॅन भरून घेऊन गेली, एसटीत मांडीवर धरून.

त्या संध्याकाळी मी पायऱ्यांवर जाऊन बसले. समोर पाण्यात मोटारींचे पाइप सोडलेले, एकाला एक लागून. तिसरा आमचा. साहेब माझ्याशी गोड का बोलले ते तिथं मला नीट कळलं. आमची मान ह्या पाइपांनीच त्यांच्या हातात दिली होती. आपणच चोरून ओढायचं आणि दुसऱ्याला चोर म्हणायचं, हे माझ्याच्यानं सभेत उभं राहून होणार नव्हतं.

घरी आले आणि मालकांना म्हटलं, "आपली मोटार काढा."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "ऊस?"

"उसाचं बघू."

"बघू म्हंजे? तीन म्हैन्यांनी तोडणी हाय." एवढं बोलून त्यांचा दिवसाचा कोटा संपला. पुढचे चार दिवस तर एक वाक्यही मिळालं नाही. ताट सरकवलं की खायचे, पाठ करून झोपायचे. मीही हट्टी. भाकरी करायची, पण कालवण-कोरड्यास नाही. चटणी खा म्हटलं, पाणी पीत पीत. म्हणजे पाण्याची किंमत कळंल.

दवंडी दिली असती तर बातमी अर्ध्या तासात पंचायत समितीत गेली असती. म्हणून जैनबी आणि मी गिरणीवर बसलो. आमच्या गावात पिठाच्या गिरणीसारखं दुसरं टपाल नाही. दळण घेऊन येईल त्या बाईला एकच सांगायचं: "बुधवारी नऊला. अकराला न्हाई, नऊला. आणि घरच्याला घेऊन. न आला तर त्याला संध्याकाळी भाकरी न्हाई." माझ्या घरातलं कळलेलंच होतं, त्यामुळं बायका हसायच्या आणि माना डोलवायच्या.

"येतील का गं?" मी जैनबीला विचारलं.

"न आल्या तर आपण दोघी हावोत," ती म्हणाली. "मी लिहीन, तू बोल."

बुधवारी पावणेनऊला शाळेचं पटांगण रिकामं होतं. मी धुतलेल्या सतरंज्या अंथरल्या. नऊला पाच मिनिटं असताना पहिल्या आल्या त्या धनगरवाड्याच्या म्हाताऱ्या, काठ्या टेकत. मग माळी आळी. मग मशिदीमागची सगळी घरं. पुरुष मागं मागं, कुणीतरी बखोट धरून आणल्यासारखे. जैनबीनं डोकी मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढं सोडून दिलं. सतरंज्या पुरेनात, लोक मातीत बसले. आमचे मालक मात्र कुठं दिसेनात.

विषय वाचला. तळ्यातनं शहराला पाणी नेण्यास संमती देणेबाबत. एकच गलका झाला. "न्हाई! न्हाई द्यायचं! थेंब न्हाई द्यायचा!" हात वर, टोप्या वर. मला तिथंच थांबता आलं असतं. टाळ्या पडल्या असत्या.

"थांबा," मी म्हटलं. "न्हाई म्हणायला काय अक्कल लागत न्हाई. माझी लेक त्या गावात रिकामा हंडा घेऊन उभी असते. तुमच्याही लेकी हायत तिथं. पाणी द्यायचं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई फिरली! साहेबानं खिशात घातली!"

"खिशात जाण्याएवढी मी बारीक न्हाई," मी म्हटलं आणि पायाशी ठेवलेला तो रंगाचा डबा उचलून सगळ्यांना दाखवला. "हा त्यांचा रंग. त्यांनी म्हसोबाच्या पायरीवर फुली मारली. आपण त्याच पायरीवर रेघ मारू. पाणी रेघेच्या वर हाय तोवर शहर पिईल. कुलूप-किल्ली आपल्याकडं. रेघेला टेकलं की बंद. मग मंत्री येऊ दे न्हाईतर त्याचा बाप. खालचं पाणी गावाच्या आणि जनावराच्या तोंडचं."

"असं म्हणा की!" धनगरवाड्याची एक म्हातारी ओरडली.

"अजून हाय. रेघेखाली शहराचा पंप बंद, तशा आपल्या उसाच्या मोटारीपण बंद. आणि रेघेवर असतानाही चोरून एक मोटार चालायची न्हाई. आजपासनं सगळ्या बाहेर."

आता काय विचारता! जे मघाशी टोप्या उडवत होते तेच उभं राहून ओरडायला लागले. धोंडीराम जाधव, आमच्यात सगळ्यांत मोठा बागायतदार, बोट नाचवत पुढं आला. "ऊस वाळला तर तू भरून देणार का? लई शाणपण शिकवतीस! आधी सोताची मोटार काढ, मग दुसऱ्याला सांग! तुझी न्हाई का पाण्यात? तिसरी कुणाची?"

खरंच बोलत होता तो. तिसरी माझीच होती आणि ती माझ्या हातात नव्हती. सातबारा मालकांचा, ऊस मालकांचा, मोटार मालकांची. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. जिचं नवरा ऐकत नाही ती गावाला काय सांगणार, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत. मी हातातला रंगाचा डबा परत खाली ठेवला.

"न्हाई."

सगळ्यांत मागं, शाळेच्या फाटकाशी, मालक उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ओला टॉवेल, हाताला ग्रीस.

"काय न्हाई?" धोंडीराम म्हणाला.

"पाण्यात न्हाई. सकाळी काढली. पडवीत ठेवलीया, जाऊन बघ." ते थांबले. मग त्यांनी गावासमोर आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण केलं. "चार दीस कोरडी भाकर खाल्ली. त्यात इचार केला. ऊस माझा हाय. तळं माझ्या आईनं फोडलेल्या दगडाचं हाय. तिनं उसासाठी न्हाई फोडला." आणि ते मातीत खाली बसले.

मग धोंडीरामच्या बायकोनं, सगळ्या सभेत, नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक ओढून त्याला खाली बसवलं. "बसा आता," एवढंच म्हणाली ती. हसता हसता आणि शिव्या देता देता ठराव झाला. जैनबीनं लिहिला, वाचून दाखवला, अंगठे आणि सह्या झाल्या. सगळे तसेच उठून तळ्यावर गेले. रेघ मारली धनगरवाड्याच्या म्हातारीनं. वाकडी मारली. ती अजून तशीच वाकडी आहे.

अकराला जीप आली. साळगावकर साहेब उतरले, मागं भाऊसाहेब. पटांगणात आम्ही दोघी सतरंज्या झटकत होतो.

"मंडळी कुठंयत? तहकूब सभा सुरू करू."

"कुठली तहकूब, साहेब?" मी म्हटलं. "नऊची सभा नऊला झाली. शंभराच्या वर माणूस होतं. ठराव लिहिलाय, वाचा."

ते वाचत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरत गेला. "हे चालणार नाही. ग्रामसेवक हजर नव्हते."

"का नव्हते? सभा तर नऊचीच लावली होती. तुमच्याच सांगण्यावरनं काढलेली सूचना फळ्यावर हाय. तुम्ही पण नव्हता."

साहेब भाऊसाहेबांकडं वळले. भाऊसाहेब चष्मा पुसत होते.

"पहिल्या सभेला कोण येतं?" साहेब ओरडले. खरोखर त्यांच्या तोंडून तसंच निघालं.

"आम्ही आलो," जैनबी म्हणाली.

"मंत्रालयातली योजना अडवताय तुम्ही! हे महागात पडेल. सरपंचपद जाईल."

"जाऊ दे. आणि अडवतोय कुठं? पाणी देतोय की. नीट वाचा. फक्त मागायला या म्हणतोय. तुमच्या त्या वरच्या माणसाला सांगा, पिंपरखडीला यायचा रस्ता चांगला हाय. मधे पायऱ्या तेवढ्या हायत, उतरायला लागतील."

ते आले नाहीत. पण पंधरवड्यानं शहरातनं एक टेम्पो आला, बायकांनी भरलेला. पुढं मंदा आणि तिच्याशेजारी तिची सासू, जिनं हंडे आपटले होते ती. मागून अवघडून नगराध्यक्षही उतरले. मंदाच्या सासूनं म्हसोबाला हळदकुंकू वाहिलं, ती वाकडी रेघ नीट बघितली आणि मला म्हणाली, "विहीणबाई, मागायला आलोय."

"मग ह्येच पाहिजे होतं," मी म्हटलं आणि रडले. मंदाही रडली. जॅकवेल झाली, रेघेच्या पातळीला तोंड ठेवून. त्याच्या खालचं पाणी तिला ओढताच येत नाही.

आणि माझं पद गेलं. वरून आलं. अधिकाऱ्यांशी उद्धट वर्तन, सभेच्या कामकाजात अनियमितता, आणखी काहीबाही. तो आदेश ग्रामसभेत वाचून दाखवायचा होता, सूचना निघाली नेहमीसारखी, नऊची.

साळगावकर साहेब त्या दिवशी साडेआठलाच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. नऊ वाजले तेव्हा पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी आदेश वाचला. मी खुर्चीवरून उठले, पदर सारखा केला, आणि बाहेर जायच्या ऐवजी पुढच्या सतरंजीवर जैनबीशेजारी जाऊन बसले.

"तुम्हाला आता इथं थांबता येणार नाही," साहेब म्हणाले.

"का? सरपंच काढली तुम्ही. मतदार कुठं काढली? ह्या सभेतनं मला काढायचं असंल तर सगळं गाव काढायला लागंल. काढा. आमी बसलोय."

साहेबांनी समोर बघितलं. मग हातातल्या कागदाची घडी केली, दोनदा केली, आणि म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय मीच मांडला.